परिचर्या : स्पर्श आणि शौच

अमरावतीत नव्याने राहावयास आलेल्या माणसाला दोन नावे पहिल्याच महिन्यात पाठ होतात. घरात कोणाला ताप चढला, कोणाला अपघात झाला, की शेजारी म्हणतात, "इर्विनला न्या." सून गरोदर असली की विचारतात, "डफरीनमध्ये नाव घातले की नाही?" अकोल्यास गेले म्हणजे डफरीनच्या जागी 'लेडी हार्डिंग' येते. सरकारी पाटीवर जिल्हा सामान्य रुग्णालय, जिल्हा स्त्री रुग्णालय असे काहीही लिहिलेले असो. एक व्हाइसरॉय आणि दोन व्हाइसरॉयांच्या पत्नी वऱ्हाडच्या दुखण्याबाळंतपणांत अशा काही मिसळून गेल्या आहेत, की राज्य गेले तरी नावे गेली नाहीत.

या इमारतींतून खाटेखाटेपाशी ज्या स्त्रिया रात्रीच्या रात्री जागल्या, त्यांतल्या एकीचेही नाव मात्र गावाच्या तोंडी नाही. त्यांना गाव 'सिस्टर' म्हणते, फार तर 'नर्सबाई' म्हणते. आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला म्हणजे पेढे डॉक्टरांच्या खोलीत पोहोचतात. याबद्दल तक्रार करण्यासाठी आज आम्ही उभे नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते एवढेच, की जिचे नाव आपण विसरतो, तिचे काम तरी आपणांस कळले आहे काय? परिचर्या म्हणजे नेमके काय? ती दया आहे, चाकरी आहे, की विद्या आहे?

आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाय सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला वैद्याच्या पदराला बांधलेले नाही. त्याचा पाय वेगळा मोजला आहे. आणि त्याच्या अंगी चार गुण हवेत असे म्हटले आहे : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शौच, म्हणजे स्वच्छता. श्रोत्यांनी या चौघांतील शेवटचे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. अनुराग माणसाला रोग्याजवळ नेतो, त्याच्या अंगाला हात लावावयास लावतो. शौच त्या हातावर बंधन घालते : आधी धूऊन ये. परिचर्येचा सारा इतिहास या दोन आज्ञांच्या मधला आहे, असे आमचे मत आहे. आणि आपल्या समाजाचे दुर्दैव असे, की या दोहोंची आपण दीर्घकाळ फारकत करून ठेवली. ज्याला शुचिर्भूत म्हणून मान होता, तो रोग्याला शिवेना. आणि जो शिवत होता, त्याला स्वच्छतेची विद्या कोणी शिकविली नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे सुईण. बाळंतिणीला विटाळ, तिच्या खोलीला विटाळ, तिच्या वस्त्रांना विटाळ. तेव्हा त्या खोलीत जाणार कोण? पुष्कळ गावांत हे काम ज्यांना गाव एरवी दाराशीही उभे करीत नसे अशा जातींतील स्त्रियांकडे होते. जन्माच्या क्षणी माणसाला पहिला हात लागे तो तिचा. बारशाच्या दिवशी मात्र ती अंगणाबाहेर बसे. तिच्या हातात अनुभव होता, धीर होता, पुष्कळदा विलक्षण कौशल्यही होते. परंतु तिला घरात मिळे ती अंधारी खोली, जुनेऱ्याची चिंधी आणि नाळ कापावयास विळा. कापलेल्या नाळेवर राख किंवा शेण लावण्याची चाल होती. शेणामातीत धनुर्वाताचे बीज असते, हे कोणाला ठाऊक? मूल तीनचार दिवस दूध ओढी आणि मग अंग ताठ करून मिटे. आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री सटवाईची पूजा करून बाळावर जागता पहारा ठेवतात. नवजात अर्भकाचा धनुर्वात नेमक्या याच दिवसांत उद्भवतो. त्या जागरणामागे कित्येक पिढ्यांच्या आयांनी पाहिलेले मरण असावे, असा तर्क केल्यास तो अगदीच निराधार होणार नाही.

पण केवळ आपणच अडाणी होतो, असे समजून कोणी मान खाली घालू नये. व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली विद्यार्थ्यांच्या विभागात १०० बाळंतिणींमागे ११ हून अधिक मरण पावल्या. सुइणींच्या विभागात तीनही नाही. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने कारण शोधून काढले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्ये १०० मागे १८ असलेले मृत्यू जूनमध्ये दोनांवर आले. विद्वानांना मात्र ही गोष्ट रुचली नाही. सभ्य गृहस्थाचा हात मृत्यू वाहून नेतो, हे ऐकून घेणे जड जाते. सोवळे हे जातीवरून ठरत नाही, ते हात धुतला की नाही यावरून ठरते, हा धडा युरोपलाही अपमान गिळूनच शिकावा लागला.

आधुनिक परिचर्येची जननी म्हणून जिचे नाव घेतात, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. दिवा घेऊन फिरणारी देवी म्हणून तिचे चित्र आपण शाळेत पाहिले आहे. पण ते चित्र अर्धेच आहे. तिच्या अनुरागाला सीमा नव्हती, तरी १८५५ च्या फेब्रुवारीत त्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या १०० पैकी ४२ मरत होते. मार्चमध्ये आरोग्य आयोगाची माणसे आली, त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, वारा खेळता केला, पाणी शुद्ध केले. आणि उन्हाळ्यापर्यंत मृत्यू १०० मागे दोनतीनांवर उतरले. परत गेल्यावर बाईंनी आकडे मांडले आणि त्यांचा अर्थ ओळखला. म्हणून १८६० च्या सुमारास तिने परिचर्येवर जे पुस्तक लिहिले, त्यात दयेचे गोडवे फारसे नाहीत. त्यात खिडक्या आहेत, मोऱ्या आहेत, अंथरूण आहे, उजेड आहे, अन्नाची वेळ आहे, रोग्याजवळ कुजबुज करू नये अशी ताकीद आहे आणि सर्वांत अधिक आहे ती नजर : रोग्याचे काय बदलले, केव्हा बदलले, हे पाहण्याची व बिनचूक सांगण्याची. रोग बरा करणे हे निसर्गाचे काम. त्याला अडथळा न होईल अशी व्यवस्था राखणे हे परिचारिकेचे काम, असा तिचा सिद्धांत होता. रुग्णालयाने रोग्याला निदान अपाय तरी करू नये, हेही तिनेच बजावले. भारतात तिचे पाऊल कधी पडले नाही. तरी येथील पाणी, मोऱ्या आणि दुष्काळ यांवर ती सुमारे चाळीस वर्षे लिहीत राहिली.

आता पुन्हा वऱ्हाडकडे वळू. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाने निधी उभा राहिला. भारतीय स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय साहाय्य मिळावे, आणि त्यासाठी स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुइणी शिकवून तयार कराव्यात, हा त्याचा हेतू. देशभर स्त्री-रुग्णालये निघाली. दगडाच्या इमारती उभ्या करणे सोपे होते. अवघड प्रश्न पुढचा : त्यांत काम करावयास कोणाच्या मुली येणार? परक्याचे मलमूत्र काढावयाचे, कोणत्याही जातीच्या अंगाला हात लावावयाचा, रात्री घराबाहेर राहावयाचे. मध्यमवर्गीय महाराष्ट्राने या तीन गोष्टी ऐकताच कानांवर हात ठेवले. म्हणून पुष्कळ वर्षे या व्यवसायाचा भार मुख्यतः ख्रिस्ती भगिनींनी वाहिला आणि आपण त्याचे वर्णन 'मिशनऱ्यांचे काम' असे करून मोकळे झालो.

तरी वाट कोणी ना कोणी मोडतोच. १८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काशीबाई गणपत नावाची स्त्री परिचर्या शिकावयास आली. तेथे शिकावयास आलेली ती पहिली भारतीय परिचारिका म्हणून व्यवसायाच्या इतिहासात तिची नोंद आहे. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रोग्याला स्वतः उचलून नेले आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी देह ठेवला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन सुरू झाले आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने तेथील विद्यार्थिनी परिचर्या शिकू लागल्या. त्यांत विधवा होत्या. ज्यांचे दर्शन अशुभ मानून मंगलकार्यात ज्यांना आत ठेवीत, त्यांच्याच हाती बाळंतिणीची नाडी दिली गेली. रूढीला याहून सभ्य असे उत्तर आमच्या पाहण्यात नाही.

रूढीला उत्तर देण्याची ही परंपरा वऱ्हाडला मात्र परकी नव्हती. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव. त्यांना गुरू मानणाऱ्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकातच स्त्रीचा विटाळ नाकारला. नाकाडोळ्यांतून जसे मळ येतात तसाच हाही देहाचा एक धर्म, असे सांगितले. ज्या विचाराने बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत ढकलले, त्याचे खंडन या मातीशी नाते असलेल्या पुरुषाने सहाशे वर्षे आधी करून ठेवले होते. आपण पोथी गुंडाळून ठेवली, इतकेच. १९२७ साली याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवावी लागली, यावरून शिवण्याचा प्रश्न आपल्याकडे किती खोल रुतला होता ते कळते. देवाला कोणी शिवावे हे जिथे ठरत नव्हते, तिथे रोग्याला कोणी शिवावे हे कसे ठरणार?

या रुतलेल्या प्रश्नाला वऱ्हाडातून दोन उत्तरे मिळाली. एक झाडूने दिले, दुसरे जखमेच्या पट्टीने.

झाडूचे उत्तर गाडगेबाबांचे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी जन्मलेला हा माणूस. कपडे धुणे हाच घरचा वारसा. त्याने पुढे गावेच्या गावे धूऊन काढली. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे घाट बांधला, मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा उभारली, दिवसा रस्ते झाडले आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडली. त्यांनी परिचर्येचे पुस्तक वाचलेले नव्हते. त्यांना अक्षरओळखही फारशी नव्हती. पण नाइटिंगेलबाईंनी मोऱ्या आणि खिडक्या यांविषयी जे सांगितले, तेच बाबा खराट्याने सांगत होते : रोग बरा करण्यापूर्वी रोगाचे घर झाडा. त्यांच्या धर्मशाळांतही एक फार मोठे परिचर्येचे तत्त्व आहे. खेड्यातून रोगी शहराच्या दवाखान्यात येतो, त्याच्याबरोबरचे माणूस रात्री झोपणार कुठे, भाकरी कुठे भाजणार? मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभारली. रोग्याच्या नातलगाची सोय हाही उपचाराचाच भाग आहे, हे ज्ञान मोठमोठ्या रुग्णालयांना अजून पुरते झालेले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला.

पट्टीचे उत्तर अमरावतीच्या पूर्वेस, तपोवनात आहे. डॉ. शिवाजीराव उर्फ दाजीसाहेब पटवर्धन हे शहरातील नावाजलेले होमिओपॅथ. १९४६ साली त्यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापिले आणि चालता व्यवसाय सोडून कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभारली. त्याच वर्षी भोर समितीने आपला अहवाल दिला होता. देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आहे, असे त्यात म्हटले होते. जिथे तापाच्या रोग्याला परिचारिका नाही, तिथे महारोग्याला कोण विचारणार? परतवाड्याजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय आधीपासून होते; बाकी महारोग्याचे स्थान म्हणजे देवळाची पायरी. १८९८ चा कायदा तर त्याला पकडून डांबण्याची मुभा देत होता.

कुष्ठरोगाची परिचर्या हा परिचर्येचा कस पाहणारा विषय आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. या रोगात मज्जातंतू मरतात आणि हातापायांची जाणीव जाते. काटा टोचला तरी कळत नाही, निखारा लागला तरी कळत नाही. बोटे झडतात ती पुष्कळशी या न कळलेल्या जखमांमुळे. १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन आले आणि १९८० नंतर बहुविध औषधोपचार आला. जंतू मरू लागले. पण गेलेली जाणीव गोळीने परत येत नाही. ती उणीव डोळ्यांनी भरून काढावी लागते. म्हणून परिचारक रोग्याला रोज तळवे पाण्यात भिजवावयास, निबर कातडे घासावयास, तेल लावावयास आणि मुख्य म्हणजे तळपाय उलटा करून पाहावयास शिकवतो. प्रथम परिचारक पाहतो, मग दोघे मिळून पाहतात, शेवटी रोगी स्वतःच पाहतो. रोगी स्वतःचा परिचारक झाला, की परिचर्या सफळ झाली.

तपोवनाचे मोठेपण इथे आहे. तेथे भीक मागणे बंद होते. शेती, विणकाम, सुतारकाम अशी कामे रोग्यांच्याच हातांनी चालत. बोटे नसलेल्या हाताला दान देणे सोपे आहे. त्या हाताला झेपेल असे अवजार देणे अवघड आहे. दाजीसाहेबांनी अवघड ते निवडले. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या तपोवनाच्या अंगाला आज संत गाडगेबाबांच्या नावाचे विद्यापीठ उभे आहे. एका बाजूस शौच आणि दुसऱ्या बाजूस स्पर्श, अशी ही शेजारमांडणी कोणी योजून केलेली नसेल. पण अमरावतीकराने त्या रस्त्याने जाताना ती एकदा तरी न्याहाळावी.

१९६० साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनी आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेसाठी परिचर्येची मूलतत्त्वे लिहून काढली. त्यांचा आशय असा, की बळ, इच्छा वा ज्ञान असते तर माणसाने जे स्वतः केले असते, ते त्याच्यासाठी करावे. आणि तो शक्य तितक्या लवकर स्वावलंबी होईल अशा रीतीने करावे. श्वास घेणे, खाणेपिणे, मलमूत्रविसर्जन, झोप, हालचाल, वस्त्र, स्वच्छता यांपासून बोलणे, आपल्या श्रद्धेप्रमाणे वागणे, काम करणे, खेळणे आणि शिकणे येथपर्यंत चौदा गरजा त्यांनी मोजल्या. ही यादी वाचली तेव्हा आम्हांस तपोवनाची आठवण झाली. त्या यादीतील शेवटच्या गरजा, म्हणजे काम, खेळ आणि शिक्षण, यांना समाजाने महारोग्याच्या बाबतीत केव्हाच काट मारली होती. तपोवनाने त्याच आधी परत केल्या.

आता कायदे झाले आहेत. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, १९६६ मध्ये महाराष्ट्राचा परिचारिका अधिनियम आला, २०२३ मध्ये संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्या यांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. सुइणीच्या विळ्याच्या जागी स्वच्छ पाते आले, स्वच्छ हात, स्वच्छ अंथरूण, स्वच्छ दोरा आणि उघडी, कोरडी नाळ आली. २०१५ साली माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. सटवाईची रात्र निर्भय झाली. यात लस देणाऱ्या, मेळघाटाच्या वाटा तुडवणाऱ्या परिचारिकांचा आणि आशाताईंचा वाटा केवढा, हे वेगळे सांगावयास नको.

तरीही जुना प्रश्न संपलेला नाही, हे आपण २०२० आणि २०२१ मध्ये पाहिले. २०२० हे वर्ष नाइटिंगेलबाईंच्या जन्माचे दोनशेवे वर्ष म्हणून जगाने परिचारिकांचे वर्ष ठरवले होते. आणि त्याच वर्षी साथ आली. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात दुसरी लाट प्रथम उसळली ती अमरावती-अकोल्याकडे. पुन्हा टाळेबंदी झाली. त्या दिवसांत मुलगा बापाला शिवू शकत नव्हता. सारा गाव एकमेकांना अस्पृश्य झाला होता. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या कोणाला तरी दूर बसवले गेले, त्या घरांनी दूर बसणे म्हणजे काय ते अनुभवले. आणि त्या खाटेशी एकच हात पोहोचत होता, हातमोज्यातला. संरक्षक पोशाखात घामाने निथळणारी परिचारिका रोग्याला पालथे वळवीत होती, प्राणवायूचा आकडा पाहत होती, आपल्या फोनवर त्याला घरच्यांचा चेहरा दाखवीत होती. तिचा स्पर्श मोज्याआडून होता, म्हणून तो स्पर्श नव्हता असे कोण म्हणेल? अनुराग आणि शौच यांची दीर्घकाळची फारकत त्या हाताने मिटवली होती.

चैत्र-वैशाखातील या व्याख्यानमालेस येणाऱ्या श्रोत्यांपुढे आम्हांस एकच प्रश्न ठेवावयाचा आहे. टाळ्या वाजवून, थाळ्या वाजवून आपण त्या हाताचा गौरव केला. पण उद्या आपली बारावी झालेली हुशार मुलगी म्हणाली, "बाबा, मला परिचर्या शिकावयाची आहे," तर आपण काय म्हणणार? "डॉक्टर का होत नाहीस?" असे विचारणार असलो, तर चरकाने मोजलेला तिसरा पाय आपण अजून जमिनीवर टेकू दिलेला नाही. आणि मुलगा हेच म्हणाला, तर आपण हसणार काय? तपोवनात जखमा धुणारे हात पुरुषांचेही होते.

डफरीन आणि हार्डिंग ही नावे खुशाल राहोत. गावाच्या तोंडी बसलेले नाव काढता येत नाही. फक्त पुढच्या वेळी तेथून बरे होऊन घरी निघताना, पेढ्याचा पुडा हातात असेल, तर वॉर्डाच्या टेबलापाशी क्षणभर थांबावे आणि 'सिस्टर' म्हणण्यापूर्वी त्या बाईंचे नाव विचारावे. एवढ्याने इतिहास बदलत नाही, हे खरे. पण तो लिहावयास जी पहिली ओळ लागते, ती नावाचीच असते.